सहावी वाटी

सकाळी दहाच्या ठोक्याला चारुशीलाबाई त्या पांढऱ्या खोलीत जाऊन बसत आणि पाच वाट्या सूप चाखत. अकरा वर्षं यात खंड पडला नव्हता. उठल्यावर चहा नाही, दात घासायला पेस्ट नाही, तोंडात लवंग-वेलदोडा नाही. कोमट पाण्याची एक चूळ, बस्स. पाचही वाट्यांत सूप तेच असे, मीठ तेवढं कमी-जास्त, आणि कुठली वाटी कुठल्या मिठाची हे बाईंना सांगितलेलं नसे. त्या एकेक घोट तोंडात घोळवत, थुंकत, आणि तीन शब्दांपैकी एक उच्चारत. कमी, बरोबर किंवा जास्त.

अकरा वाजेपर्यंत बाईंचा निकाल पुण्यातल्या दोनशे बारा स्वयंपाकघरांत पोचलेला असे.

बाई सासवडच्या पलीकडच्या एका वाडीतल्या, भैरवनाथाच्या देवळाच्या गुरवाची मुलगी. लग्न होऊन पुण्यात आल्या, नवरा शहर बसवर ड्रायव्हर, आणि घराला हातभार म्हणून बाणेर रस्त्यावर एका जपानी माणसाच्या हॉटेलात तांदूळ धुवायला लागल्या. त्या माणसाचं नाव हिगुची. हॉटेल केवढं, तर आठ टेबलांचं. जुन्या लोकांना आठवत असेल, त्या वेळी पुण्यात जपानी जेवण म्हणजे चाकणच्या कारखान्यांत आलेल्या साहेबांचं जेवण. आपली माणसं वाढदिवसाला एकदा जात, काड्यांशी दहा मिनिटं झटापट करून फोटो काढत, मग हळूच काटा मागत. कुणी सुशीवर लिंबू पिळायचं, कुणी वासाबी पुदिन्याची चटणी समजून चमचाभर तोंडात टाकायचं आणि मग अख्खं हॉटेल त्याला पाणी पाजायचं. बाहेर जाऊन आशियाई खायचं म्हणजे बहुतेकांच्या लेखी कोपऱ्यावरची चायनीजची गाडी, लाल रंगाचं मंचुरियन आणि वर कोबी.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. आठ टेबलांशेजारी कोरियन आलं, मग व्हिएतनामी, मग सगळ्यांची मिसळ करणारी हॉटेलं. ठेच्याचं मेयो, कांदा-लसणाशिवायचं जैन रामेन, वर शेव घातलेलं मिसो सूप. घरातल्या चुली थंडावल्या आणि पुण्याची माणसं आठवड्यातून चारदा बाहेर जेवू लागली.

हिगुचींना बाईंच्या जिभेचा शोध अपघातानेच लागला. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सुपाच्या, दोन पातेल्यांपैकी एकात चिमूटभर मीठ जास्त पडलं होतं. स्वयंपाक्यांपैकी कुणालाच कळेना. तांदूळ धुणाऱ्या बाईने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "हे." दुसऱ्या दिवसापासून बाई चुलीजवळ उभ्या राहिल्या. हिगुचींचा नियम कडक होता. दर पायरीला चाखायचं. पाणी तापलं, चाखा. समुद्रशेवाळ काढलं, चाखा. चाखल्याशिवाय वाटी बाहेर जायची नाही.

बाईंना त्याचं हसू येई. माहेरी देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक करताना आई तोंडावर पदर बांधायची. चाखणं दूरच, वाससुद्धा घ्यायचा नाही. मीठ घालायचं ते मुठीच्या मापाने, आईने हातात हात धरून शिकवलेलं. "आमच्याकडे वाढल्याशिवाय चाखायचं नाही, आणि तुमच्याकडे चाखल्याशिवाय वाढायचं नाही," असं त्या हिगुचींना म्हणाल्या होत्या. हिगुची पळी खाली ठेवून, नावापुढे त्यांचं आदराचं 'सान' लावत म्हणाले, "तुमचा देव मोठा धीराचा आहे, चारु-सान."

हिगुचींनी सत्तरीला हॉटेल विकलं आणि ते जपानला परत गेले. विकत घेणाऱ्यांनी त्याच्या शाखा काढल्या, नाव ठेवलं 'निळी वाटी', आणि स्वयंपाकघरात जीभ बसवली.

जीभ म्हणजे यंत्र. आतमध्ये तेलकट पातळ पडद्यांची सात टोकं. पदार्थातला क्षार, आंबटपणा, कडवटपणा या पडद्यांना लागला की त्यांच्यातला विजेचा दाब बदलतो. सात टोकांचे सात आकडे, त्यांवरून यंत्र चव ओळखतं आणि लागेल ते थेंबाथेंबाने सोडतं. दोनशे स्वयंपाकघरांत दोनशे जिभा, आणि बाणेरला जी चव तीच खराडीला.

अडचण एकच होती. सुपात मीठ किती आहे हे यंत्र सांगे, पण ते खारट किती लागतं हे त्याला सांगता येत नसे. तेवढंच मीठ साध्या पाण्यात घातलं तर एक लागतं, अळंबी-शेवाळाच्या रश्श्यात घातलं तर जास्त लागतं, थंड झालं की आणखी निराळं. लागणं ही माणसाच्या तोंडात घडणारी गोष्ट. म्हणून यंत्राला रोज एका माणसाशी जुळवून घ्यावं लागे, जसं पूर्वी घरातलं घड्याळ रेडिओच्या बातम्यांशी जुळवत तसं. आधी नऊ जणांची समिती नेमली होती. त्यांचं दोन महिने भांडण चाललं आणि नऊ मतांची सरासरी काढल्यावर जे सूप झालं ते कुणालाच आवडलं नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "त्या हिगुचींच्या बाईंना विचारा ना."

तेव्हापासून बाई म्हणजे माप. पुढे बाकीच्या हॉटेलांनीही आपली यंत्रं 'निळी वाटी'च्या मापावर लावून घेतली. थाई असो, कोरियन असो, बाजारात मिळणारी रश्श्याची पूड असो. वर्तमानपत्रांनी बाईंना 'पुण्याची जीभ' म्हटलं. प्रत्येक शाखेच्या दाराशी त्यांचा फोटो लागला, नऊवारीत, हातात निळी वाटी. नवऱ्याने, दत्तोबांनी, फोटो पाहून विचारलं, "जीभ कुठं दिसतेय यात? मला तर रोज दिसते."

दत्तोबा आता बहात्तरचे, निवृत्त. आठवड्यातून तीनदा नवराबायको 'निळी वाटी'त जेवत. दत्तोबांना काड्या कधी जमल्या नाहीत. ते रामेनच्या शेवया चमच्याने खात आणि शेवटी वाटी तोंडाला लावून चहासारखी संपवत. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वय. त्यांच्या दवाखान्यात बसायला जागा नसे, आणि बसलेल्यांत निम्मे चाळिशीच्या आतले असत. डॉक्टर म्हणाले, ताण.

*

माघात हिगुची आले. बारा वर्षांनी. ब्याऐंशी वय, पाठ वाकलेली, डोक्यावर तीच लोकरीची टोपी. त्यांना आपलं जुनं हॉटेल पाहायचं होतं. बाई त्यांना बाणेरच्या शाखेत दुपारी जेवायला घेऊन गेल्या. बरोबर दत्तोबा होतेच.

पहिली वाटी साध्या सुपाची. बाईंचं सगळं लक्ष म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे. हिगुचींनी दोन्ही हातांनी वाटी उचलली, एक घोट घेतला, डोळे मिटले. उघडले.

"वाटीचा रंग फार सुंदर आहे," ते म्हणाले.

"आणि सूप?"

"गरम आहे. छान गरम." मग त्यांनी चहा मागवला. थोड्या वेळाने पुन्हा मागवला. तिसऱ्यांदा आलेला चहा त्यांनी थोडासा सुपात ओतला, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. बाईंच्या लक्षात आला.

"काय झालं, मास्तर? बरोबर नाही का?"

"मी म्हातारा झालो, चारु-सान." हिगुची हसले. भाजीवाल्यांकडून शिकलेलं त्यांचं मराठी अजून शाबूत होतं. "जीभ पण म्हातारी होते. ती सांगत नाही, की मी म्हातारी झाले. गुपचूप होते."

दत्तोबा म्हणाले, "आमच्याकडं तसं नाही हो. आमच्याकडं जीभ जितकी म्हातारी तितकी तिखट." आणि बायकोकडे पाहून वाटी संपवली.

हिगुचींची वाटी तशीच राहिली. जो माणूस गिऱ्हाइकाच्या वाटीत शेवटचा थेंब राहिला तर स्वयंपाक्याला बोलावून माफी मागायला लावायचा, त्याची वाटी अर्धी.

"मास्तरांची जीभ गेली हो," बाई घरी येताना दत्तोबांना म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस. वाईट वाटतं."

*

भैरवनाथाची सेवा बाईंच्या माहेरी भाऊबंदांत पाळीने चाले. अकरा घरं, म्हणून एका घराची पाळी अकरा वर्षांनी येई. पाळीचं वर्ष पाडव्याला लागायचं आणि त्या दिवशीचा पहिला नैवेद्य घरच्या लेकीने रांधायचा अशी रीत. मागच्या वेळी बाईंनीच रांधला होता. तो नैवेद्य झाला आणि पुढच्याच महिन्यात त्या पांढऱ्या खोलीत त्यांना नेमलं होतं. आता पुन्हा पाळी आली.

बाईंनी धुऊन वाळवलेलं लुगडं नेसलं, नाकातोंडावरून पदर बांधला आणि आईचं पितळी पातेलं चुलीवर चढवलं. पुरण शिजलं, कट निघाला. कटाच्या आमटीला पातेल्याच्या गळ्यापर्यंत पाणी, एक मूठ खडेमीठ, बोटांनी सपाट केलेली, आणि वर तीन बोटांची एक चिमूट. भातालाही तसंच माप. हात आपोआप बरणीत गेला, आपोआप मिटला, आपोआप उघडला. बाईंना त्यात विचार करावा लागला नाही. देवाला पान दाखवलं, घंटा झाली, पंगत बसली.

दोन ओळी होत्या. एका बाजूला गावातले, बहुतेक म्हातारेच, घरी चूल पेटवणारे. समोर पुण्याहून आलेली लेकरं-सुना-जावई.

वाढून झाल्यावर बाईंनी पानावर बसून पहिला भुरका घेतला. आमटी अळणी होती. नुसती कमी नव्हे, पाण्यासारखी. देवाला असलं वाढलं! त्यांनी शेजारी बसलेल्या भावाकडे पाहिलं. बाळू मान खाली घालून भात कालवत होता.

"बाळू, मीठ पडलंच नाही रे."

"मीठ? काय बोलतेस आक्का!" बाळूने बोटं चाटली. "आईच्या हातची आहे. तशीच्या तशी. मागच्या पाळीला केलेलीस ना, अगदी ती."

"नीट खाऊन सांग."

"आता आणखी नीट कसं खाऊ? तिसऱ्यांदा वाढून घेतलीय."

समोरच्या ओळीतून आवाज आला, "मीठ आणा जरा इकडं." मग दुसरा आला, मग तिसरा. दत्तोबांनी पानाच्या कडेला वाढलेलं मीठ केव्हाच आमटीत कालवून संपवलं होतं. मिठाची वाटी घेतलेला पुतण्या पुण्याच्या ओळीपुढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्या टोकाशी आला. प्रत्येक पानावर हात नको म्हणून आडवा न येता मागायला पुढे येत होता. गावाच्या ओळीत त्याला कुणीही हाक मारली नाही.

"पुण्याच्या लोकांना काय झालंय?" बाळू म्हणाला. "म्हशी पण एवढं मीठ चाटत नाहीत."

बाईंचा घास हातात राहिला. मूठ तीच होती. पातेलं तेच, बरणी तीच. अकरा वर्षांत या हाताला कुणी काही शिकवलं नव्हतं, कारण या हाताला कुणी काही विचारलंच नव्हतं. रोज विचारत होते ते जिभेला.

त्यांना अर्धी राहिलेली निळी वाटी आठवली. आणि तीन वेळा मागवलेला चहा.

*

बाईंनी आमटी बाटलीत भरून पुण्याला नेली आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या खोलीत यंत्रापुढे ठेवली. यंत्रविभागाची प्रमुख प्रणोती साळगावकर, पस्तिशीची, हुशार, बाईंना काकू म्हणणारी. तिला आधी गंमत वाटली.

"काकू, पुरणपोळी नाही आणलीत? नुसती आमटी?"

"मोज आधी."

यंत्राने मोजलं. शंभर ग्रॅमला शून्य पूर्णांक आठ ग्रॅम मीठ. पडद्यावर लाल अक्षरांत शेरा आला, फार कमी.

"आता आपलं आजचं सूप."

एक पूर्णांक चार.

"आता पहिल्या दिवशीचं काढ. मी इथं पहिल्यांदा बसले त्या दिवशीचं."

जुन्या नोंदी कुणी पाहत नसे. नियम असा होता की माप एका महिन्यात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त सरकलं तर यंत्र थांबेल. ते कधीच थांबलं नव्हतं. दर महिन्याची तुलना आधीच्या महिन्याशी होई आणि फरक इतका बारीक असे की शेऱ्यात लिहायचे, हंगामी. प्रणोतीने पहिल्या दिवसाची नोंद काढली आणि खुर्चीत मागे टेकली.

शून्य पूर्णांक आठ.

"पावणेदोन पट," ती म्हणाली. तिने दोन्ही नोंदी शेजारी लावल्या. मग तीच पुढे म्हणाली, "काकू, वयाबरोबर मिठाची जाण कमी होते. तुमची कणभर कमी झाली, यंत्राने कणभर मीठ वाढवलं. मग तेच सूप तुम्ही संध्याकाळी खाल्लंत. दोन-तीन महिन्यांत जीभ सरावते, जास्त मीठ नेहमीचं वाटायला लागतं. की पुन्हा कमी लागणार, पुन्हा वाढवणार. तुम्ही यंत्राला ओढत होता आणि यंत्र तुम्हाला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तुमच्या मागून."

त्याच आठवड्यात प्रणोतीने गुपचूप वीस जणांना पांढऱ्या खोलीत बसवलं. विशीतली पोरं, निरोगी, तरतरीत. बाईंच्या जागी नवी तरुण जीभ नेमायची, माप जागेवर आणायचं आणि विषय संपवायचा, असा तिचा बेत होता. वीसच्या वीस जणांनी एकाच वाटीला 'बरोबर' म्हटलं. बाई रोज जिला म्हणत तीच. त्या पोरांनी शाळेत असल्यापासून दुसरं काही चाखलंच नव्हतं. अख्ख्या शहरात एक कोरी जीभ सापडेना.

"म्हणजे सगळं पुणं माझ्या वयाचं झालं," बाई म्हणाल्या.

प्रणोतीने दार लोटून घेतलं. "काकू, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मग इथंच राहू द्या. वरच्यांशी बोलले मी. आपण हळूहळू खाली आणू. कुणाला कळणारही नाही. जसं चढलं तसं उतरेल. तुमचा फोटो, नाव, सगळं जिथल्या तिथे."

"उतरायला किती दिवस?"

"एकदम उतरवलं तर लोक एका दिवसात पळतील. महिन्याला अर्ध्या टक्क्याच्या आत. अकरा वर्षं."

"आणि अकरा वर्षं लोकांनी न कळता खायचं? घरी पूड आणून वर मीठ घालायचं? यांना रोज तीन गोळ्या आहेत, प्रणोती. डॉक्टर म्हणतात वय. त्या डॉक्टरला तरी कळायला नको?"

"काकू, कळलं की पहिला दगड तुमच्या फोटोवर पडेल. कंपनीवर नंतर."

बाई उठल्या, पदर सावरला. "आमच्यात नैवेद्य बिघडला तर देवाला सांगतात. झाकून ठेवत नाहीत. दाराशी फोटो माझा आहे ना? मग त्याच्याखाली पाटी लावा. नाहीतर मी जाऊन सांगते. मला वाचता-लिहिता येतं, आणि जीभ तर तुम्हीच प्रसिद्ध केलीय."

पाटी लावायला कंपनीला सात आठवडे लागले. तिच्यात कमी शब्द असावेत यासाठी तीन वकील बसले होते. शेवटी एवढंच राहिलं: 'आमच्या रश्श्यातलं मीठ अकरा वर्षांत पावणेदोन पट झालं. ते आम्ही दरमहा थोडं कमी करत आहोत. वरून मीठ घालू नये.'

पहिल्या महिन्यात पाचातलं एक गिऱ्हाईक गेलं. बाईंच्या फोटोला कुणीतरी काळी शाई लावली. सोसायटीतल्या एक बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं बायपास झालं, चारुशीलाताई." सहा मजले दोघी दाराकडे बघत उभ्या राहिल्या. फोटो उतरवले गेले. 'पुण्याची जीभ' हा शब्द पोरं चेष्टेत वापरू लागली, खोटं बोलणाऱ्याला.

दत्तोबांना बाईंनी पाटी लागायच्या आदल्या दिवशी सांगितलं. ते गोळ्यांची डबी हातात घेऊन बसले होते.

"म्हणजे ह्या तीन तुझ्या हातच्या?"

"माझ्या जिभेच्या."

दत्तोबांनी डबीचं झाकण उघडलं, मिटलं. "तेहतीस वर्षं बस चालवली मी," ते म्हणाले. "एकदा वेगाचा काटा बिघडला होता. चाळीस म्हणायचा तेव्हा गाडी साठला असायची. मला वाटायचं, आज रस्ता काय झरझर सरतोय! खूश होतो मी." मग त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली. त्या रात्री ते बायकोशी आणखी काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "चहात तरी नाही ना काही?"

*

माप ठरवायच्या कामातून बाईंना मोकळं केलं गेलं. पण प्रणोतीने त्यांना जाऊ दिलं नाही. वयाने गेलेली जाण परत येत नाही, सवयीने गेलेली येते. बाईंची किती वयाने गेली आणि किती सवयीने, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळलं तर पुढे असं पुन्हा होणं टाळता येईल, असं तिचं म्हणणं. बाईंनी एक अट घातली. पाच वाट्यांशेजारी सहावी वाटी हवी.

सहाव्या वाटीचं सूप बाई स्वतः करत. पांढऱ्या खोलीच्या बाजूला एक शेगडी मागून घेतली, आईचं पितळी पातेलं आणलं. नाकातोंडावर पदर बांधून त्या मूठ सपाट करत, मीठ सोडत, वर तीन बोटांची चिमूट. ना चाखणं, ना वास. यंत्र मोजे. रोज तोच आकडा येई, कधी केसभर इकडे, कधी केसभर तिकडे. मग पदर सोडून बाई ती वाटी सर्वांत आधी तोंडाला लावत आणि जे लागेल ते खरं सांगत.

पहिल्या दिवशी प्रणोतीने विचारलं, "कसं लागतंय?"

"पाणी."

महिन्यांमागून महिने प्रणोती वहीत तोच शब्द लिहीत राहिली. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात बाई एक घोट घेऊन थांबल्या, आणखी एक घेतला.

"अळणीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आज शेवाळाचा वास कळला."

त्या दिवशी त्यांनी हिगुचींना पत्र लिहिलं. हातानेच लिहिलं, कारण म्हाताऱ्याला पडद्यावरचं वाचवत नसे. 'मास्तर, जीभ माझी गेली होती. मी तुमची गेली म्हणून घरी येऊन हळहळले. त्या दिवशी स्पष्ट का नाही बोललात?' महिन्याने उत्तर आलं, चार ओळींचं, कुणाकडून तरी मराठीत लिहवून घेतलेलं. 'चारु-सान, मी पण घरी येऊन तेच म्हणालो, माझी गेली असेल. एवढं मोठं शहर चुकेल असं मला वाटलं नाही. चहा ओतला त्याबद्दल क्षमा करा.'

उत्तर आलं त्या शनिवारी दुपारी नवराबायको बाणेरच्या शाखेत जेवायला गेले. पूर्वीइतकी गर्दी नव्हती. दाराशी फोटोच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला होता, त्याखाली पाटी. दत्तोबांनी रामेन मागवलं, चमचा बुडवला, एक घोट घेतला आणि सवयीने सोया सॉसच्या बाटलीकडे हात नेला. बाईंनी बाटली उचलली आणि आपल्या बाजूला, पर्सच्या मागे ठेवली.

"अगं, थेंबभर!"

"नाही."

"अजून किती वर्षं हे असं?"

"साडेनऊ. पुढची पाळी येईल ना आपली, तेव्हा पंगतीत मीठ कुणी मागतंय का बघायचं. तोवर."

दत्तोबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन की गं!"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या, आणि आपली वाटी दोन्ही हातांनी उचलली.